२६ जुलैला आलेलं पत्र

किबुट्झ, १४ मार्च २००७

चि. इरावतीस,
रिबकाआजीचा शालोम आणि अनेक आशीर्वाद.

तू मला पाहिलेलं नाहीस. मी नदावची आजी, मूळची रेवदंड्याची. चाळीस वर्षांपूर्वी इस्राएलला आले, आता लेकीजवळ या किबुट्झवर असते. इथे सगळं गाव मिळून शेती करतं आणि एकाच सैपाकघरात जेवतं. तुझा पत्ता नदावनेच, आपलं टपाल तिथे टाकावं म्हणून, लिहून पाठवला होता. नाव मराठीत लिहिलं होतं, म्हणजे माझी शिकवणी अगदीच फुकट गेली नाही.

इथली रीत अशी की लढाईत पोर गेलं की वर्षाच्या आत गाव त्याच्या आठवणींची पुस्तिका छापतं. ज्यांनी त्याला पाहिलं त्यांनी एकेक पान लिहायचं. इथे परतण्याआधीचे सात महिने नदाव तुमच्याकडे ऑकलंडला होता. त्या महिन्यांचं पान कोरं आहे. लिहिशील का? तुझ्या आईच्या चपात्या माझ्यापेक्षा मऊ असतात असं तो म्हणाला होता. तेवढं लिहू नकोस.

म्हातारीवर माया ठेव.
रिबकाआजी

पापाटोएटो, ऑकलंड, २ एप्रिल २००७

ती. रिबकाआजींस,
सा. न. वि. वि.

तुमचं पत्र मिळालं. पान सोबत जोडलं आहे: "नदाव रोहेकर डिसेंबर २००५ ते जुलै २००६ या काळात पेनरोजच्या वजनकाट्यांच्या कारखान्यात माझ्या शेजारच्या टेबलावर काम करत होता. आम्ही काटे तपासत असू. तो वक्तशीर होता. सहकाऱ्यांशी त्याचं वागणं चांगलं होतं."

आईचा मुक्काम माझ्याकडेच आहे. तिचा तुम्हांला नमस्कार. काही बदल हवा असल्यास कळवावं.

आपली कृपा असावी.
इरावती

किबुट्झ, २२ एप्रिल २००७

चि. इरावतीस आशीर्वाद.

अगं, हे पान आहे की नोकरीचा दाखला? माझ्या लेकीला अर्थ सांगितला तर ती म्हणाली, या मुलीला आपण पगार देणं लागतो की काय. पुन्हा लिही.

आता खरं सांगते. मी तुला पानासाठी लिहिलं नव्हतं. मागच्या जुलैत, लढाई सुरू व्हायच्या आदल्या दिवशी, मी नदावला तुझ्या पत्त्यावर पत्र टाकलं होतं. डोळे चाललेत, आता घरी ये, मी एलियाहू हन्नबीला मलीदा बोलले आहे, असं लिहिलं. तो आला. पोहे, गूळ, नारळ, पाच फळं मांडून मी आमच्या या पैगंबराचा नवस फेडला. दोन ताटल्या खाल्ल्यान. एकोणीस दिवसांनी गेला. पत्र वाचून आलास का, हे विचारायचा मला धीर झाला नाही. नवसात मी त्याचं येणं मागितलं, राहणं मागायला विसरले.

माझ्या पत्रामुळे आला का तो? तुला ठाऊक असेल. लपवू नकोस. उद्या इथे भोंगा वाजेल आणि गेलेल्यांसाठी सगळा देश उभा राहील. मला नीट उभं राहता येत नाही, पोरी.

तुझी,
रिबकाआजी

पापाटोएटो, १० मे २००७

ती. रिबकाआजींस,
सा. न. वि. वि.

तुमचं पत्र त्याने वाचलं नाही. ते माझ्याकडे २६ जुलैला आलं, तो २१ जुलैला निघाला होता. सप्टेंबरात परत येतो, माझं टपाल ठेवून दे, असं सांगून गेला होता, म्हणून मी ते ठेवलं. सोबत पाठवते आहे. पाकीट बंद आहे, पाहून घ्या. ऑगस्टात बातमी कळल्यावर लगेच पाठवायला हवं होतं. ती चूक माझी.

मग तो का आला, हे तुम्ही विचारणारच. लष्करातल्या त्याच्या तुकडीचा, लढाईला ये असा निरोप आला तेव्हा, परदेशात असलेल्याने नाही गेलं तरी चालतं, असं तो मला म्हणाला. मी ऑफिसच्या कंप्युटरवर विमानं पाहिली. २१ला एक जागा होती, २९ला एक. मी दोन्ही सांगितल्या. त्या संध्याकाळी ट्रेनमध्ये त्याने विचारलं, की तो थांबावा असं मला वाटतं का. पेनरोज ते ओटाहुहु फार तर दहा मिनिटं लागतात. मी म्हणाले, हा निर्णय माझा नाही. तो हसला. तुझा काटा कधी हलत नाही, असं म्हणाला आणि ओटाहुहुला उतरला. मी पुढे घरी गेले.

मला वाटत होतं. तो थांबावा असं मला वाटत होतं.

आणखी एक. आईने त्याच्यासाठी दिलेली चपाती तो रोज काट्यावर ठेवायचा आणि वजन वहीत लिहायचा. एकदा बेचाळीस ग्रॅम भरली तर काकूंचं लक्ष नाही, असा शेरा मारला. आईने ते कळल्यावर दुसऱ्या दिवशी मुद्दाम साठची लाटली. ती वही मी टाकलेली नाही.

इथे २५ एप्रिलला लढाईत पडलेल्या सैनिकांसाठी छातीवर लाल कागदी फूल लावतात. यंदा मी लावलं. कामावर कोणी काही विचारलं नाही.

राग आला तर येऊ द्या, पण तोही कळवा.
इरावती

किबुट्झ, ३ जून २००७

चि. इरावतीस आशीर्वाद.

पाकीट मिळालं. मी ते फोडलं नाही.

राग आला. तीन दिवस तुझं नाव घेतलं नाही. एक शब्द म्हणाली असती तर, असं लेकीलाही बोलून दाखवलं. मग आठवलं, तो घरी होता ते दोन दिवस मीही दाराशीच बसून होते. बॅग भरताना पाहिलं, आणि तिच्यात वालाची पुडी घातली. थांब असं मीही म्हटलं नाही.

माझ्यावरचं ओझं तू उतरवलंस. तुझं मला उतरवता येत नाही, खोटं कशाला सांगू.

पुस्तिकेत चपातीचं घेतलं आहे, बेचाळीस आणि साठसकट. प्रत्येक पानाखाली नाव आणि त्यापुढे नातं छापतात: मामा, शिक्षिका, तुकडीतला मित्र. तुझ्या नावापुढची जागा मी रिकामी ठेवायला सांगितली आहे. महिनाअखेर छपाई आहे. काय लिहायचं ते तू कळव.

आता तूही माझीच, तेव्हा पत्र टाकत जा.
रिबकाआजी

पापाटोएटो, १४ जून २००७

ती. रिबकाआजींस,
सा. न. वि. वि.

जागा रिकामी ठेवू नका. "शेजारच्या टेबलावरची" असं छापा. तेवढंच झालं होतं. बाकीचं व्हायचं होतं.

आई विचारते, तुमच्याकडे वाल मिळतात का. मिळत नसतील तर मी पाठवते.

तुमची,
इरावती