बाईंच्या मागे तंबोऱ्यावर

मंगळवार, संध्याकाळ

ज्यांच्याकडे मी गाणं शिकलो त्या बाईंच्या जुन्या मैफलींचे फोटो इंटरनेटवर शोधायचं वेड मला सुनेनेच, नेहानेच लावलं. आज सदाशिव पेठेतल्या मैफलीचा फोटो सापडला. बाई गातायत, मागे तंबोऱ्यावर कुणी मुलगी आहे. मी कोपऱ्यात उभा, हातात त्यांच्या गरम पाण्याचा थर्मास.

चाळीस वर्षं घरीदारी सांगत आलो, त्या दिवशी तंबोऱ्यावर मी होतो. खोटं बोललो, की मला खरंच तसं आठवत होतं? फोटो मोठा करून पाहिला. थर्मासच.

"बाबा, सापडला का तुमचा तंबोऱ्याचा फोटो?" नेहाने विचारलं.

"नाही."

"मग मी जुन्या मैफलींच्या संग्राहकांच्या ग्रुपवर विचारते."

नको म्हणायला कारण सुचलं नाही. आत्ताच सांगून गेली, एकाने लिहिलंय, सदाशिव पेठेतल्या त्या मैफलीचा फोटो आहे माझ्याकडे, पाठवतो.