शिळं पाणी

आत्याबाई, तुम्ही असताना माझं एकही बोलणं शेवटपर्यंत ऐकून घेतलं नाहीत, म्हणून हे लिहून सांगतेय. लिहिलेलं तरी मध्येच तोडता येणार नाही तुम्हाला. मी वाळवंटात जाऊन आले. हसू नका. तुमच्या नातीनं नेलं होतं, तंबूत राहायला. परत येऊन महिना होत आला तरी माझी भीती गेलेली नाही. आत्ता भर दुपारी मी स्वयंपाकघरात बसलेय, हंडे भरलेले आहेत, वरच्या टाकीत पाणी आहे, आणि तरी थोड्या थोड्या वेळानं उठून झाकण काढून आत बघून येते. घरातले सगळे माझ्या या वाळवंटाला कंटाळलेत. तुमचा मुलगा तर मी तोंड उघडलं की पेपर उघडतो. सासू म्हणून तुम्हाला मी जन्मभर भ्याले, तेव्हा भीतीचं बोलायला तुमच्याइतकं हक्काचं माणूस दुसरं कोण आहे मला?

तुमचं स्वयंपाकघर आता ओळखू येणार नाही तुम्हाला. रांजण गेला, ओटा आला. पण पाण्याची जागा तीच आहे, दाराच्या आत डाव्या हाताला, रस्त्यावरून कुणी हाक मारली तर चटकन तांब्या भरून बाहेर जाता येईल अशी. औंढ्याला नागनाथाच्या दर्शनाला चालत निघालेली माणसं आपल्या दारात पाणी प्यायला थांबायची. नळ चार-पाच दिवसांनी यायचा, बाकीचे दिवस शेतातल्या विहिरीवरून आणायचं, पण पिण्याचं पाणी रोज सकाळी नवं भरलेलंच पाहिजे हा तुमचा कायदा. पहाटे उठायचं, काल भरलेलं उरलंसुरलं पाणी म्हशीला नाहीतर जास्वंदीला घालायचं, कळशी राखेनं घासायची, धुतलेलं फडकं बांधायचं आणि मग ताजं गाळून भरायचं. तोवर चहा नाही.

मी नवी होते तेव्हाची गोष्ट तुम्ही विसरला असाल, मी नाही. श्रावणातला सोमवार, दारात पाच-सहा बायामाणसं, पायांना चिखल. मी उत्साहानं तांब्या भरून नेला. एका म्हातारीनं तांब्या तोंडाला लावला आणि मागून तुमचा आवाज आला, "कवाचं पाणी हाय गं ते?" मी म्हटलं, कालचं. तुम्ही त्या म्हातारीच्या हातातून तांब्या काढून घेतलात. "शिळं पाणी देऊन राहिलीस व्हय? चालून चालून आलेत ती माणसं. ताजं न्हाई, थांबा म्हणून सांगायचं व्हतं. शिळं काहून दिलंस? मायनं काय शिकिवलं का न्हाई?" म्हातारी बिचारी म्हणत होती, ऱ्हाऊ द्या बाई, लेकरू हाय. पण तुम्ही ते पाणी माझ्यादेखत जास्वंदीत ओतलंत. मला आईवरून बोललेलं फार लागलं. त्या दिवसापासून आजवर मी कुणाला कालचं पाणी दिलं नाही. पुढे पुढे तर असं झालं की डोळे नीट उघडायच्या आधीच माझे हात कळशी पालथी करून मोकळे व्हायचे.

आता तुमच्या नातीचं ऐका. पुण्याला नोकरी करते, लग्नाला वर्ष झालंय, नवराबायको दोघांनाही सुट्टी मिळाली की डोंगरात नाहीतर जंगलात तंबू ठोकायचं वेड. फाल्गुनात म्हणाली, "आई, यंदा जैसलमेरच्या पुढं वाळवंटात जायचंय, तू चल." तुमच्या मुलाचे गुडघे दुखतात, तो नाही म्हणाला. मी हो म्हणाले. काहून म्हणाले ते मलाही माहीत नाही. घराबाहेर अशी मी कधी पडलेच नव्हते.

नात निघायच्या आधी इकडे आली होती. पाण्याचाच विचार तिच्या डोक्यात. तुमच्या मुलानं हौसेनं शेतातला पांढरा कॅन काढून आणला, साबण लावून खळखळून धुतला, उन्हात वाळवला. "घे, बराबर हाय, वीस लिटरचा हाय." ती म्हणाली, "बाबा, हळदीच्या फवारणीचं औषध व्हतं त्यात. कितीबी धुवा, पिण्याचं पाणी न्हाई भरायचं त्यात. जिवाशी खेळ हाय तो." नवे कॅन तिनं आधीच घेतले होते, खाण्यापिण्याच्या वस्तूंसाठी असतात तसले. एक मोठा घेण्यापेक्षा दोन घ्यायचे, म्हणजे एक फुटला तरी दुसरा राहतो. उन्हात ठेवायचे नाहीत, वरून ओलं पोतं टाकायचं. तोंड लावायचं नाही, आत हात घालायचा नाही. लागेल त्याहून जास्तच न्यायचं, कारण वाटेत मिळेल या भरवशावर वाळवंटात जायचं नसतं. मी ऐकत होते आणि मनात म्हणत होते, आत्याबाईंच्याच वळणावर गेलीय ही. मी माझ्याकडून झाकणाच्या दोन स्टीलच्या कळश्या बांधून घेतल्या. प्लॅस्टिकमधलं पाणी मला गोड लागत नाही. ती हसली, पण घेऊ दिल्या.

जैसलमेरात जावयांनी जीप भाड्यानं घेतली. जिथं उतरलो होतो तिथल्या माणसाला लेकीनं सांगून ठेवलं, अमुक बाजूला जातोय, परवा दुपारपर्यंत आलो नाही तर शोधायला या. मला तेव्हाच धस्स झालं. शोधायला या, असं सांगून सहलीला कोण जातं?

पहिल्या दिवशी मी उगाच भ्याले म्हणून स्वतःलाच हसले. वाळू पिवळी, मऊ, चालताना पोटऱ्या भरून येत. पण संध्याकाळी वारा पडला आणि कसलाच आवाज येईना. आपल्याकडे कधी असं होत नाही, आत्याबाई. कुठंतरी मोटार चालू असते, कुणीतरी कुणाला हाक मारत असतं. इथं मी स्वतःचा श्वास ऐकत बसले. सकाळी एक शेळ्या राखणारी बाई दिसली, तिच्याबरोबर विहिरीपर्यंत जाऊन आलो. पाणी होतं, पण तिनंच हात हलवून सांगितलं, "खारा है, बकरी पीती है, हम नहीं." मी लेकीला म्हटलं, उकळून घेऊ. ती म्हणाली, "उकळून जंतू मरतात गं, मीठ न्हाई जात. खारं पाणी पिऊन तहान आणखी वाढते." म्हणजे कॅनमध्ये आहे तेवढंच आपलं. तेव्हापासून मी त्या कॅनवरून नजर काढली नाही.

दुसऱ्या संध्याकाळी दोन गोष्टी झाल्या. जागा बदलताना जीपचं मागचं चाक वाळूत रुतलं, पार बुडापर्यंत. आणि एक कॅन संपला होता, त्यात उरलेल्या दुसऱ्याची तोटी ठिबकायला लागली. चाकाचं सकाळी गारव्यात बघू म्हणाले जावई. पाणी मात्र लगेच माझ्या दोन्ही कळश्यांत काढलं, झाकणं लावली, तंबूच्या सावलीकडे ठेवल्या. मला बरं वाटलं. कळशीत पाणी म्हणजे घरातलं पाणी. त्यातच लेकीचं पोट बिघडलं, वाटेत खाल्लेलं काहीतरी बाधलं असावं. ती गळून गेली होती.

पहाटे मला जाग आली. थंडी होती. मी बाहेर आले, चूळ भरली, पदर खोचला. दोन्ही कळश्या उचलल्या, जवळच्या काटेरी झुडपाशी नेल्या आणि ओतल्या. एक ओतली, मग दुसरी ओतली. मूठभर वाळू घेऊन आतून घासल्या, पदरानं पुसल्या. आणि मग माझा हात नळाकडे गेला.

तो हात तसाच हवेत राहिला. समोर नळ नव्हता. काहीच नव्हतं. झुडपाच्या बुंध्याशी वाळू नुसती काळी झाली होती आणि माझ्या डोळ्यांदेखत पुन्हा पिवळी होऊ लागली होती. मी खाली बसून दोन्ही हातांनी ती वाळू उकरली. ओली वाळू मुठीत घेऊन पिळली, आत्याबाई. वाळूतून पाणी पिळता येतं का? पण मी पिळत होते.

लेक तंबूतून बाहेर आली ती माझ्या रडण्यानं. आधी तिला कळेना. मग तिनं कळश्या बघितल्या. "आई, काय केलंस हे? काहून ओतलंस?" मी काय बोलले असेन? म्हणाले, "शिळं झालं व्हतं गं."

ती ओरडली नाही. ओरडली असती तर मला सोसलं असतं. ती कळश्यांपाशीच खाली बसली. जावई माझ्याजवळ आले, खांद्याला धरून म्हणाले, "आई, आत चला, इथं थांबू नका." मग त्यांनी सगळ्या पिशव्या उपसल्या. एक भरलेली बाटली आणि एक अर्धी, एवढंच निघालं. फोनला रेंज नव्हती. जीप खोदून काढायची तर घाम गाळायला हवा, आणि घाम गाळायचा तर पाणी हवं. चालत जायचं तर लेकीच्यानं पाऊलही टाकवत नव्हतं. ठरलं की हलायचं नाही, सावलीत पडून राहायचं, सांगून ठेवलेला माणूस येईपर्यंत कमीत कमी बोलायचं. दुपारपर्यंत. आला तर.

ते "आला तर" कुणी मोठ्यानं म्हटलं नाही. पण ऊन चढत गेलं तसं माझ्या डोक्यात दुसरं काही राहिलंच नाही. लेकीला पुन्हा उलटी झाली. ओठ पांढरे पडले, डोळे आत गेले. माझी एकुलती एक लेक, आणि तिच्या वाट्याचं पाणी मी काट्याला घातलं होतं. नागनाथाला म्हटलं, तिला काही करू नकोस, माझं काय करायचं ते कर. मी तिचं डोकं मांडीवर घेतलं. अर्ध्या बाटलीत चिमूटभर मीठ आणि साखर घालून बुचात ओतून ओतून तिला देत राहिले. एक बूच, मग थांबायचं, पोटात ठरलं की दुसरं. जावई म्हणत होते, हात आखडू नका, तिला लागेल तसं द्या. पण माझा हात आखडतच होता.

तेव्हा मला तुम्ही आठवलात. रागावणाऱ्या नाही, शेवटच्या. तुमचे पाय सुजले होते, छातीत पाणी होतं आणि डॉक्टरांनी बजावलं होतं, दिवसाला एवढंच पाणी, थेंब जास्त नाही. उभ्या रस्त्याला पाणी पाजणाऱ्या बाईला मी औषधाच्या पेल्यानं मोजून देत होते. सुरुवातीला तुम्ही मागायच्या. "थोडं दे गं बाई, घसा वाळून राहिला." मी म्हणायचे, डॉक्टर न्हाई म्हणलेत आत्याबाई. आणि तुम्ही, ज्यांच्यापुढं माझी मान वर होत नव्हती, त्या तुम्ही माझ्या हातातल्या पेल्याकडे बघत राहायच्या.

दुपार कलल्यावर दुसरी जीप आली. आवाज आला तेव्हा आम्हा कुणाला खरंच वाटेना. त्या माणसाच्या डब्यात पाणी होतं, कधीचं होतं कोण जाणे, प्लॅस्टिकचा वास मारत होतं. लेक घोट घोट प्याली, मी प्याले. जैसलमेरच्या दवाखान्यात तिला सलाईन लावलं आणि दुसऱ्या दिवशी ती उठून बसली. आता ठणठणीत आहे. परवा फोनवर म्हणाली, "आई, पुढच्या वर्षी पुन्हा जायचं, फक्त कळश्या घेऊ नकोस." तिला हसू येतं. मीही हसले. फोन ठेवला आणि टाकीत बघून आले.

पण भीती कशाची राहिलीय ते मी तिला सांगितलेलं नाही, तुमच्या मुलालाही नाही. जीप येण्याच्या जरा आधीची गोष्ट आहे. भरलेली बाटलीही तळाला आली होती. लेकीला थोडी हुशारी वाटली, तिनं माझ्या हातातून बाटली घेतली आणि म्हणाली, "आता तू पी." तिनं बुचात पाणी ओतलं. पण ओतायच्या आधी तिनं बाटली डोळ्यांसमोर धरून किती उरलंय ते बघितलं. क्षणभरच. तिच्या मनात वाईट काही नव्हतं. पण ती नजर माझ्या ओळखीची होती, ती माझीच होती. तुम्ही ती रोज बघत होता.

मी ते बूचभर पाणी प्याले. जीभ टाळूला चिकटली होती, सगळी बाटली घशात रिकामी करावी असं वाटत होतं. तिनं विचारलं, "आणखी देऊ?" मी म्हणाले, "पुरे."

हा कागद कुठं पाठवायचा? इथंच डब्यांच्या मागं सारून ठेवीन. एवढंच सांगायचं होतं की शेवटी शेवटी तुम्ही मागायचं बंद केलंत. मी पेला पुढं केला की घोटभर घेऊन परत द्यायच्या आणि म्हणायच्या, "पुरे गं बाई." आणि मी बाहेर येऊन सगळ्यांना सांगायचे की आत्याबाईंना आता तहान लागत नाही. मला ते खरंच वाटलं होतं.