माई, काल मी आधी जेवले

प्रिय माई,

लिहायला बसले खरी, पण पहिल्याच ओळीला हात भरून आला. आपल्या घरची सगळी पत्रं तुम्हीच लिहायचात. मी शेजारी बसून सांगायचे, "हेपण लिहा, म्हैस व्याली का विचारा." तुम्ही म्हणायचात, "सुमन, हे पत्र आहे, गप्पा नाहीत." माझी शाळा तिसरीतच सुटली, चुका होतील, हसू नका. पण कालचं सांगू कुणाला? जे बरोबर होते त्यांना त्यात काही वाटलंच नाही. तुम्हालाच कळेल. आपण दोघी जावा, पन्नास वर्षं सगळ्यांच्या मागून जेवलो.

काल रेवानं आम्हाला कोरियन हॉटेलात नेलं. हो, तुमच्याच नातीनं! इरुंगाट्टुकोट्टैच्या कारखान्यांच्या रस्त्याला आहे, खाली टायरचं दुकान, वर हे. मोहननं आवडीच्या घरापासून गाडी चालवली आणि सबंध रस्ता तोंड फुगवून बसला.

कारण सांगते. रेवाच्या कंपनीनं तिला दोन वर्षं कोरियाला पाठवायचं ठरवलंय, काम शिकायला. मोहन ऐकेना. "एकटी पोर, परका मुलूख. खाणार काय? आजारी पडली तर कोण बघणार?" पोरीनं दहा दिवस बापाशी अबोला धरला. शेवटी तो मला म्हणाला, "आई असती तर तिला विचारलं असतं. आता तिच्या जागी तुम्ही, काकू. तुम्ही हो म्हणालात तर जाईल." घ्या! तुम्ही गेलात त्या गेलात, ही जोखीम माझ्या गळ्यात बांधून गेलात. नको तिथं हो म्हटलं आणि पोरीचं काही झालं, तर तुम्हाला तोंड काय दाखवू? आणि नाही म्हटलं तर ती मला जन्मात माफ करायची नाही.

मी म्हटलं, त्या लोकांना आधी जेवताना बघते. माणूस पंगतीत कळतो, हे तुमचंच ना? म्हणून रेवानं तिच्या कंपनीतल्या कोरियन मॅडमना बोलावलं.

दारात चपला काढायला लावल्या, तिथंच मला निम्मं बरं वाटलं. मॅडम मोहनच्याच वयाच्या असतील. मला बघून कमरेत वाकल्या. मी लगेच "अखंड सौभाग्यवती भव" म्हटलं. रेवा कानात म्हणाली, "धाकटी आजी, त्यांचं लग्न झालेलं नाही." मग म्हटलं, "बरं, शंभर वर्षं जगा." तेवढा आशीर्वाद कुणालाही चालतो!

टेबलावर आधी वाट्याच वाट्या आल्या. एवढ्याशा. कोबीचं लाल लोणचं, मोड आलेलं कायतरी, पालक. डाव्या बाजूचं सगळं वाढलं, तसं. तुम्ही म्हणाला असतात, फोडणी द्यायला विसरले. आणि खायला लोखंडी काड्या, माझ्या स्वेटरच्या सुयांसारख्या! मला चमचा होता, देवाची कृपा. मग वाढणारी मुलगी दगडाचे वाडगे घेऊन आली. आत भात, वर भाज्या गोल मांडलेल्या, आणि भात चरचरतोय. "पाटी, सूडु," म्हणाली तमिळमध्ये. आजी, गरम आहे, जपून.

मी हात मांडीवर ठेवून बसले. मोहन भात ढवळेल, रेवा घेईल, पाहुणी घेईल, कुणाला काय कमी-जास्त बघू, मग आपण. सवयच ती. पण कुणीच हात लावेना. मॅडम माझ्याकडं बघून हसतात. मीही हसते. मला वाटलं, त्यांची प्रार्थना असेल. डोळे मिटावे का काय, तेही कळेना. बराच वेळ गेला. मोहन भुकेला कच्चा, त्यानं दोनदा घसा खाकरला.

मी म्हटलं, "अगं, जेवा की. निवतंय सगळं."

रेवा म्हणाली, "तुम्ही सुरू करा ना! यांच्यात सगळ्यात मोठं माणूस पहिला घास घेतं. तोवर कुणी चमचा उचलत नाही."

"मी मागून घेते, तुम्ही घ्या."

"मागून नाही, आजी. तुमच्यासाठीच थांबलेत सगळे."

माई, माझ्यासाठी! तीन माणसं, भरलेली पानं, आणि माझ्यासाठी थांबलीत. मी घाईघाईनं मोठा चमचा भरला, तोंडात टाकला, आणि जीभ भाजली. टाळू भाजला. डोळ्यांत पाणी आलं. मोहन पाणी घेऊन धावला, "काकू, फुंकून तरी खायचं!" आता गरम घास फुंकून खायची सवय आपल्याला कुठली? आपल्या वाट्याला घास यायचा तोवर तो निवलेलाच असायचा.

तुम्हाला आठवतं का, लग्नानंतर क्वार्टरमधला माझा पहिला दिवस? भुकेनं मी तव्यावरच्या भाकरीचा तुकडा मोडला आणि तुम्ही तो माझ्या हातातून काढून घेतलात. "आधी घरच्यांचं होऊ दे." मला फार राग आला होता तुमचा, आज सांगते. नंतर आपण दोघी एका ताटात बसायचो, पातेल्याच्या बुडाची खरपुडी खरवडायचो आणि खरपूस तुकडा तुम्ही माझ्याकडं सरकवायचात. तेव्हा गेला राग. पण सवय राहिली.

ती सवय मी तुमच्यावरच उलटवली, माई. शेवटच्या दिवसांत एका दुपारी तुम्ही म्हणालात, "सुमन, गरम वरणभात दे गं थोडा." कधी काही न मागणारी बाई! आणि मी काय म्हणाले? "थांबा, मोहनचं होऊ दे." वाटी घेऊन आले तर तुम्हाला झोप लागली होती. उठवलं नाही. नंतर तुम्ही अन्न मागितलंच नाही. तुम्ही रागावला होतात का हो? का तुम्हालाही ते बरोबरच वाटलं? वर्ष होत आलं, मला रोज दुपारी ती वाटी दिसते.

काल जीभ भाजली आणि ते सगळं बाहेर आलं. मी बोलले, रेवानं मॅडमना सांगितलं. मोहन खाली बघत राहिला. मग मॅडम रेवाकडून मला म्हणाल्या, "आमच्यात आजोबांसाठी सगळे थांबायचे. माझी आई मात्र स्वयंपाकघरात उभ्यानंच जेवायची." म्हणजे बघा, तिकडंही एक सुमन होती! मग त्यांनी वाडग्याच्या बुडाची खरपुडी काढली आणि माझ्या वाटीत घातली. त्यांच्यात ती मुद्दाम करतात म्हणे, आवडीनं खातात. आपण उगीच लपून खात होतो.

मी बघत होते. त्या आईची मुलगी आज चार माणसांत हॉटेलात बसून जेवते, कारखान्यात शब्द चालतो तिचा. आणि शेजारी आपली रेवा, आपली आणि त्यांची दोन्ही भाषा पाण्यासारख्या बोलणारी. मी मोहनला तिथंच सांगितलं, "पोरगी जाईल."

"काकू, नीट विचार करून सांगा."

"केला. घास गिळायच्या आधीच केला."

रेवा एवढी रडली की मॅडमना वाटलं, जेवण तिखट झालं. येताना मोहन गाडी हळू चालवत होता, आणि पोरीला म्हणाला, "तिकडं थंडी किती असते?"

माई, तुम्ही असतात तर नाही म्हणाला असतात का? मला नाही वाटत. पण चुकलं असेल तर माझं.

रेवा जायच्या आधी तुमचं वर्षश्राद्ध येतंय. त्या दिवशी तुमचं पान मी सगळ्यांच्या आधी वाढीन, वरणभात वाफ निघताना. कुणाचं व्हायची वाट बघणार नाही. आणि पहिल्या पंगतीत मीपण बसेन, गरम जेवीन. वाढायला मोहन आहे. त्याला आत्ताच सांगून ठेवलंय.

तुमची धाकटी जाऊ,
सुमन