'व्हिश्ट' म्हणजे काय

कँटरबरी,
ता. ९ ऑक्टोबर १९५७

ती. सासूबाईंस,
डॅफ्नीचा सा. न. वि. वि.

बाबांचं सगळं नीट पार पडलं. आईने आलेल्यांना चहा-केक दिला आणि एकदाही डोळ्यांना रुमाल लावला नाही. तुम्ही पाठवलेले धुरी दिलेले हेरिंग मासे मिळाले. घरभर वास सुटतो म्हणून आई ते परसात ठेवते, आणि मी तिथेच उभी राहून खाते.

परत कधी येणार, असं तुम्ही विचारलंत. स्पष्टच लिहिते. बाळंतपण इथेच होईल, आणि नंतर तुमच्या कथबर्टने होडी सोडून इकडेच काम बघावं असं माझ्या मनात आहे. बाबा गेल्याची तार आली तेव्हा मी तुमच्या स्वयंपाकघरात रडत होते. तुम्ही माझ्या डोक्यावर हात ठेवलात आणि दोनदा 'व्हिश्ट' म्हणालात. आमच्याकडे असं भुंकणाऱ्या कुत्र्याला गप्प करतात. ज्या घरात वडिलांसाठी रडायचीही चोरी, तिथे मी बाळाला कसं आणू?

लिहिलं त्याचा राग मानू नये, ही विनंती.

आपली,
डॅफ्नी

स्कारहेवन, नॉर्थम्बरलंड,
ता. १४ ऑक्टोबर १९५७

चि. सौ. डॅफ्नीस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र वाचताना किटली करपली. आधी मी रागावले, मग रडले. कथबर्टला वाचून दाखवलं तर मेला इतका हसला, की ओल्या फडक्याचा एक दिला त्याला. पण तू येणार नाहीस ही ओळ त्याच्या डोक्यात जरा उशिरा शिरली. तेव्हापासून अर्ध्या जेवणातून उठून होडीकडे जातो.

अगं वेडे, 'व्हिश्ट' म्हणजे 'गप्प बस' नव्हे, 'उगी उगी' गं! आम्ही इकडे उत्तरेत तान्ह्या पोराला म्हणतो, बुजलेल्या घोड्याला म्हणतो, फार पिसाळला तर वाऱ्यालाही म्हणतो. माझे वडील समुद्रावरून परत आले नाहीत, तेव्हा आईने मला मांडीवर घेऊन दिवसभर हा एकच शब्द म्हटला. मला दुसरा येतच नाही. कथबर्ट सांगतो, तुमच्याकडे 'देअर, देअर' म्हणतात. म्हणजे तिथे, तिथे! तिथे कुठे गं? रडणारं माणूस तर इथे बसलंय!

पण तुला लागलं हे खरंच. दीड वर्ष एका घरात राहिलो आणि मी तुला हे कधी सांगितलं नाही, माझं चुकलं. कथबर्टला तिकडे न्यायचा असेल तर ने, मी आडवी येणार नाही. वाईट मात्र वाटेल, फार वाटेल. जिवाला जप, पाय गरम ठेव.

तुझी सासू,
थॉमसिना डॉड्स

कँटरबरी,
ता. १५ डिसेंबर १९५७

ती. आईंस,
सा. न. वि. वि.

इतके दिवस तुम्हाला नुसत्या तब्येतीच्या चार ओळी टाकत राहिले. त्या पत्राचं खरं उत्तर लिहायला बसले की लाज वाटायची. आज लिहिते.

तुमची नात अठरा दिवसांची झाली. कथबर्ट बघून गेला, तो म्हणाला असेलच, नाक तुमचं आहे. आवाजही तुमचाच असावा. काल दुपारी हॅरिएट सलग तीन तास रडली. माझ्या आईने 'देअर, देअर' म्हणत मोजून तीन थापट्या दिल्या आणि ती फुलदाणीतलं पाणी बदलायला निघून गेली. आई वाईट नाही हो, तिला कुणाचं रडणं बघवत नाही. बाबा गेल्यावर मी इथे आले तेव्हा तिने मलाही अशाच तीन थापट्या दिल्या, आणि मी शहाण्यासारखी रडायची थांबले.

मग मी हॅरिएटला तुमचा शब्द म्हणून पाहिला. माझ्या तोंडून तो खरंच 'गप्प बस' असाच निघतो. पोर आणखी किंचाळली, आणि आईने दाराआडून विचारलं की त्या बिचारीवर खेकसतेस कशाला.

तेव्हा होडी सोडू नको असं कथबर्टला कळवलं आहे. गुरुवारच्या गाडीने आम्ही दोघी निघतो. हॅरिएटला तो शब्द तुम्हीच म्हणा. आणि स्टेशनवर सगळ्यांदेखत नको, पण घरी गेल्यावर मलाही म्हणा. बाबांसाठी मी अजून पोटभर रडलेले नाही.

लोभ आता दोघींना पुरवावा.

तुमची,
डॅफ्नी