धड्याचा शेवट

३ मार्च
इंग्रजीचं काही खरं नाही! मेटाफर, आयरनी, फोरशॅडोइंग — बाई वर्गात सांगतात तेव्हा सगळं कळतं, घरी आलं की पाटी कोरी. शिवाय नेमलेले तीन धडे, तिन्ही लांबलचक. गेल्या चाचणीत मी नापास. आताही झाले तर वर्ष गेलं, बाबांनी स्वच्छ सांगून ठेवलंय.

शेवटी वकिणीने तोडगा काढला. (वाद घालण्यात कुणाला हार जात नाही, म्हणून वकीण.) तिघींनी एकेक धडा वाचायचा नि बाकी दोघींना सांगायचा. मला समुद्राचा, तिला खटल्याचा — तो तिला हवाच होता! डॉक्टरांना आणायला धावणाऱ्या मुलीची गोष्ट टाचणीकडे. टाचणी (अंगाने तशीच, म्हणून टाचणी) आमच्यात हुशार. हायसं वाटलं.

६ मार्च
टाचणी काय रंगवून सांगते! मुलगी आजारी आईला एकटं ठेवून धुक्यात पळत सुटते. वाट चुकते, पडते, डॉक्टर दारच उघडत नाहीत. कसंबसं त्यांना घेऊन घरी पोचते, तर आई उशीला टेकून बसलेली. म्हणते, किती उशीर केलास, भूक लागलीय मला. टाचणीने ते वाक्य दोनदा सांगितलं.

वकीण म्हणाली, यात आयरनी कुठाय? तर टाचणी म्हणे, हीच की, इतकं धावायची गरजच नव्हती. पटलं. लिहून घेतलं.

१० मार्च
चाचणीत नेमका तोच प्रश्न! पान भरून लिहिलं.

१३ मार्च
सत्यानाश. बाईंनी तिघींना बोलावून पेपर पुढ्यात टाकले. तिन्ही पेपरांत आई जिवंत, तिन्ही पेपरांत भुकेलेली! पुस्तकात डॉक्टर पोचतात तेव्हा आई गेलेली असते. बाई म्हणाल्या, पहिल्याच पानावर दिवा विझतो, पुढचं आधीच सुचवणारं ते फोरशॅडोइंग दिसलं नाही एकीलाही? कॉपी केलीत हे उघड आहे. तिघींना शून्य.

टाचणी खाली बघत उभी. आम्हाला तोंडघशी पाडलं हिने! पण मग स्वतःही तेच का लिहिलं? डोकं चालेनासं झालंय.

१४ मार्च
टाचणीने बाईंना भेटून सगळं स्वतःवर घेतलं. आम्हा दोघींची फेरचाचणी, तिचं शून्य कायम. बरं झालं, असं मी सगळ्या वर्गासमोर म्हणाले.

१६ मार्च
टाचणीची आई महिनाभर दवाखान्यात आहे! तिची मावशी माझ्या आईला बाजारात भेटली, तेव्हा कळलं. आणि आम्हाला सांगायची, क्लासला जाते. स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटली.

संध्याकाळी दवाखान्यात गेले. खोलीबाहेरच्या बाकावर एकटीच बसली होती.

"शेवटचं पान वाचलं होतंस ना?"

"वाचलं होतं. पण तोंडाने सांगता येईना गं."

"आणि पेपरात?"

"लिहिताही आलं नाही."

मी शेजारी बसले. माफी मागायची होती, ती राहूनच गेली.

१८ मार्च
फेरचाचणी दिली. पास होईन. पण आनंद नावालाही नाही.

२१ मार्च
टाचणीची आई गेली.

दुपारी तिच्याकडे होते.  ती एकदम म्हणाली, "ती मुलगी पुढे काय करते गं?"

घरी येऊन पुस्तक उघडलं. पुढे काही नाही. आई जाते तिथेच धडा संपतो. खाली स्वाध्याय आहे.