आतून कडी नाही

रत्नागिरी
१९ ऑगस्ट २०२४

ती. कमळामावशीस,
सा. न. वि. वि.

फोनवर आपण दोघी ओरडतो आणि तुझ्या आळीला सगळं कळतं, म्हणून पत्र. शिवाय हे ओरडून सांगण्यासारखं नाही. लिहिण्यासारखंही नाही, म्हणून गावाचं नाव देत नाही आणि मुलीला सलोनी म्हणते.

सलोनी आठ वर्षांची. आई नाही. बाप बोटीवर, आठ-आठ दिवस समुद्रात. घरी आजी, हौसा. ती पहाटे चारला जेटीवर लिलावाला जाते आणि तिथूनच बाजारात मासे विकायला बसते. शाळेतल्या बाईंना सलोनीच्या हातावर भाजल्याची खूण दिसली. पेज गरम करताना भाजलं, घरात एकटीच होते, असं ती म्हणाली. बाईंनी रीतसर कळवलं. आता निर्णय होईपर्यंत बालकल्याण समितीने तिला बालगृहात ठेवलंय. समिती म्हणजे कोर्टच. घरात धोका किती, ते बघून अहवाल देणारी मी.

मावशी, तो छापील नमुना एकदा तुला दाखवायला हवा. बाप घरी नसतो, हा धोका. जून-जुलैत बोटी बंद असताना तो घरी असतो आणि पितो, हाही धोका. आजी कमवायला जाते, म्हणून देखरेख नाही. घरी बसली तर उत्पन्न नाही. या नमुन्यातून आपल्या घरातलं एकही माणूस पास झालं नसतं, तू तर नाहीच.

मी त्यांच्या घरी पाऊण तास होते. चहा नाकारला, तसा नियम आहे. दाराच्या आतल्या बाजूला स्क्रूची चार ताजी भोकं दिसली. लिहिलं, ‘दाराला आतून कडी नाही. मूल असुरक्षित.’ वाक्य तेव्हा नेमकं वाटलं होतं, आता सलतंय. तिकडे सलोनी बालगृहात कुणालाही वेणी घालू देत नाही. केसांचं घरटं झालंय.

रागावलीस तरी लोभ आटू देऊ नकोस.
तुझी,
तेजस्वी


देवरूख
२४ ऑगस्ट २०२४

चि. तेजस्वीस,
अ. उ. आ.

कानाचं यंत्र दुरुस्त होऊन आलं. सून काय काय बोलते ते आता ऐकू येतं, म्हणून पुन्हा काढून ठेवलंय.

तुझं पत्र दोनदा वाचलं. एवढी शिकलीस, पण भोकं मोजून परत आलीस. भोकं ताजी, म्हणजे कडी होती. ती कुणी काढली, का काढली, हे विचारायला सरकारची परवानगी लागते का? आणि बालगृहात वेणी घालू देत नाही म्हणजे घरी कुणीतरी घालत होतं. चारला जेटीवर जाणारी आजी नक्कीच नाही. मी तीस वर्षं पहिलीचा वर्ग घेतला. कुठल्या मुलाला घरात कोण बघतं, हे मला नेहमी केसांवरून कळायचं.

परत जा. आणि चहा घे. नाकारलेल्या चहाच्या घरात कुणी खरं बोलत नाही.

गुडघ्याचं तेल संपत आलंय, येशील तेव्हा आण.
तुझी,
मावशी


रत्नागिरी
१२ सप्टेंबर २०२४

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

गेले होते. तुझं म्हणणं दोन्ही बाबतींत खरं निघालं, त्यामुळे चिडचिड जास्तच झालीय. चहा मात्र नाही घेतला.

वेणी घालते शेजारची नसीमा. भिंतीला भिंत लागून घर. पहाटेची नमाज झाली की ती सलोनीकडे जाते, उठवते, खायला घालते, शाळेत पाठवते. तिघींनाही यात सांगण्यासारखं काही वाटलं नव्हतं, आणि मी विचारलं नव्हतं. भाजलं त्या दिवशी सलोनी लवकर उठली, भीती वाटली म्हणून तिने आतून कडी लावली आणि स्वतःच पेज गरम करायला गेली. मग भाजलेल्या हाताने कडी निघेना. आत ती रडतेय, बाहेर नसीमा दार बडवतेय. शेवटी नसीमाने कोयत्याने कडी उचकटली. हौसाने त्याच दुपारी कडीचे उरलेले स्क्रू काढून टाकले. मी जो धोका म्हणून लिहिला, तो त्यांनी केलेला उपाय होता.

पण चार ते साडेपाच ती एकटी असायची, हेही खरंच. माझी चूक झाली म्हणून तो दीड तास पुसला जात नाही. आता हौसा निघायच्या आधीच नसीमा येऊन बसेल, असं दोघींनी कबूल केलं. पुरवणी अहवालात तिचं नाव घातलं, कडीचं वाक्य मात्र तसंच राहिलं. संगणकाने नातं विचारलं. यादीत आत्या, काकू, सावत्र आई, सगळ्या आहेत, शेजारीण नाही. ‘इतर’ निवडलं.

काल समितीने सलोनीला घरी पाठवलं. आदेशात दोन अटी. पहिली नसीमाची. दुसरी, पंधरा दिवसांत दाराला आतून कडी बसवावी. माझंच वाक्य, पहिल्या अहवालातून उचललेलं. आदेश वाचला तेव्हा मी समोर बसले होते आणि गप्प राहिले. तोंड उघडलं तर तारीख पडेल, पोर आणखी महिनाभर अडकेल, असं वाटलं. की स्वतःची चूक चारचौघांत सांगायची लाज वाटली? रात्रभर ठरवता आलं नाही.

लोभ आहेच, थोडी कानउघाडणीही चालेल.
तेजस्वी


देवरूख
१७ सप्टेंबर २०२४

चि. तेजस्वीस,
अ. उ. आ.

लाजच. पण आता पोर घरी आलीय, तारखेची सबब उरली नाही. नसीमाला यायला एक दिवस उशीर झाला आणि पोरीने कडी लावली, तर उचकटायला तू जाणार आहेस का?

पाठवलेलं तेल मिळालं. वास भयंकर आहे.
मावशी


रत्नागिरी
१० ऑक्टोबर २०२४

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

अटी पाळल्या का ते बघायला गेले होते. नसीमा दाराशीच सलोनीची वेणी घालत होती. दाराला नवी कोरी कडी. तिचा दांडा उघडा सरकवून जाळं विणायच्या नायलॉनच्या दोरीने फळीला असा आवळून बांधलेला की माझ्याने तसूभर हलला नाही. मी हौसाकडे बघितलं. ती माशाची पाटी धूत होती, मान वर न करता म्हणाली, “बाय, कडी तुमची, दोरी माझी.”

नमुन्यात एवढंच विचारलंय, कडी बसवली, होय की नाही. ‘होय’वर खूण करून मोकळं होता आलं असतं. खूण केली आणि शेऱ्यात लिहिलं, ‘कडी बांधून ठेवली आहे, ती तशीच राहावी. पहिल्या अहवालातील वाक्य मी कारण न विचारता लिहिले होते. ते चुकीचे आहे.’

काल समितीने बोलावलं. सगळं तोंडानेही सांगितलं. एका सदस्यांनी विचारलं की हे आदेशाच्या दिवशी का नाही सांगितलंत. मी म्हटलं, लाज वाटली. त्यांनी ते लिहून घेतलं आणि दुसरी अट काढून टाकली. माझं पुढे काय होईल ते होईल.

आणि हो, त्या दिवशी हौसाकडे चहा घेतला. फार गोड होता. तेही शेऱ्यात लिहिलंय.

यंत्र कानात घाल. रविवारी येतेय, ओरडणार नाही.
तुझी,
तेजस्वी