मेंढीच्या मेंदूची सुई

औसा, ता. ४ एप्रिल १९८३

चि. जगदेवीस माणिकप्पाचे आशीर्वाद. वि. वि.

तू किशनरावाशी लग्न लावून गेलीस, त्यानंतर हे माझं पहिलं पत्र, तेही तुझ्या वहिनीनं, महादेवीनं, डोकं खाल्लं म्हणून. माझी धाकटी शरणम्मा, तिच्या पोटरीला परवा पिसाळलेलं कुत्रं चावलं. मिरची-चुना भरून बांधलंय. पोरगी खेळतीय. कंपाउंडर म्हणतो, लातूरला न्या, आता जिल्हा झाला, मोठ्या दवाखान्यात सुया मिळतात. पण ती सुई मेंढीच्या मेंदूपासून करतात, हेही तोच बोलला. गळ्यात इष्टलिंग बांधलेल्या लिंगायताच्या पोरीच्या पोटात मेंढी घालू काय? तू कॉलेजात हेच शिकवतेस. दुसरं औषध कळव. बाकी काही लिहू नकोस.

माणिकप्पा

नांदेड, ता. ८ एप्रिल

ती. अण्णांस जगदेवीचा शि. सा. न. वि. वि.

दुसरं औषध नाही. मिरची भरायचं कुणाच्या डोक्यातून निघालं? जखम तेव्हाच साबणानं खळखळून धुवायची होती. टँकरच्या पाण्याची काटकसर पोरीच्या जखमेवर केलीत! त्या विषाणूवर चरबीचा पापुद्रा असतो, साबणानं तो फाटतो. आता त्याला मोकळं रान मिळालं. त्याच्या अंगावरचे काटे मज्जातंतूच्या पेशीला अडकतात, पेशी त्याला आत ओढून घेते. आत आंबटपणा लागला की काटे वाकतात आणि त्याचा पापुद्रा पेशीच्या पापुद्र्यात मिसळतो, वरणावरचे तेलाचे दोन थेंब एक होतात तसा. मधे आडकाठी राहतच नाही. मग तो मेंदूकडे निघतो. तिथं पोचल्यावर जगात इलाज नाही.

आणि तो पापुद्रा त्यानं कुत्र्याच्याच पेशीतून आणलेला असतो. म्हणजे कुत्र्याची चरबी पोरीच्या अंगात आधीच गेली. ती चालली, आणि मेंढीचा विटाळ? आजच्या आज लातूर गाठा. माझ्या लग्नाचा राग पोरीवर काढू नका.

मानत असाल तर बहीण,
जगदेवी

औसा, ता. १२ एप्रिल

जगदेवीस,

तुझं पत्र मठात चार माणसांपुढं वाचलं. कुत्र्याची चरबी माझ्या लेकराच्या अंगात, हे लिहिताना हात कसा झडला नाही तुझा? बोकड शिजवणाऱ्या घरात शुद्ध-अशुद्ध काय कळणार म्हणा. स्वामींनी विभूती दिलीय, पोरगी ठणठणीत आहे. माफी माग, मग पुढचं बोलू.

माणिकप्पा

नांदेड, ता. १५ एप्रिल

अण्णा,

शास्त्र खोटं ठरलं तर माफी मागेन. तुमच्या उंबऱ्यावर पाऊल टाकायचं नाही, ही शपथ तुम्हीच मला घातली होती. मीही मोडणार नाही. तुम्ही चुकलात हे कबूल करेपर्यंत माझं पत्र येणार नाही.

जगदेवी

लातूर, ता. २२ एप्रिल

वन्संस महादेवीचा नमस्कार.

मी चौथी शिकलेली, चुका पोटात घाला. तुम्हा बहीणभावाची पत्रं मी वाचली. तुमच्या पत्रातलं निम्मं कळलं, तेवढ्यानंच पोरीला उचलून इथं दवाखान्यात आले. रोज पोटात सुई टोचतात, दोन बाया धरतात तिला. तुमच्या भावाचा निरोप आलाय की परत येऊ नको. डॉक्टर म्हणले लई उशीर केला, आता सांगता येत न्हाई. पाण्याला भ्याली की संपलं म्हणले. म्हणून पोरगी पेला तोंडाला लावती तवा मी तिच्या घशाकडं बघत बसते.

तुमच्या भावास्नी काही कळत नव्हतं. तुम्हाला सगळं ठावं होतं. नांदेडहून औशाला यष्टी रोज येती, वन्सं. तुम्ही पत्र लिवलं.

लोभ पुरे झाला.

महादेवी